हंपी तीन दिवसांत: कुठून सुरुवात करावी, काय पाहावं, काय सोडावं

पहिल्यांदा हंपीला गेलो तेव्हा एका दिवसात उरकून आलो होतो. सकाळी होसपेटेला उतरलो, रिक्षा ठरवली. रिक्षावाल्याने दिवसभर एकामागून एक 'पॉइंट' दाखवले. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, एक फोटो, पुन्हा रिक्षात. रात्री फोटो चाळायला बसलो तर कुठलं देऊळ कुठलं, हेच सांगता येईना. सगळीकडे खांब, सगळीकडे दगड. चूक रिक्षावाल्याची नव्हती. मी नकाशा न बघता गेलो होतो.

पुढच्या खेपांमध्ये कळलं की हंपी ही देवळांची यादी नाही. ते विजयनगरच्या राज्याचं अख्खं राजधानीचं शहर आहे, फक्त माणसं आणि छपरं गेली आहेत. रस्ते, बाजारपेठा, वेशी, कालवे, तळी सगळं जागेवर आहे. शहर म्हणून बघितलं तर तीन दिवस कमी पडतात. 'पॉइंट' म्हणून बघितलं तर दुपारपर्यंत कंटाळा येतो. म्हणून हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि माझ्यासारखं एकदा धावत जाऊन आलेल्यांसाठी.

आधी शहर डोक्यात बसवा

हरिहर आणि बुक्क या संगम घराण्यातल्या भावांनी १३३६ साली विजयनगरचं राज्य उभं केलं. संगम, साळुव, तुळुव आणि अरविडू अशा चार घराण्यांनी ते चालवलं. तुळुव कृष्णदेवरायाचा काळ १५०९ ते १५२९, आणि आज आपण जे बघतो त्यातला बराच भाग त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्या अच्युतरायाच्या वेळचा आहे. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांच्या एकत्र फौजांनी, विजयनगरचा कारभार हाती असलेल्या रामरायाचा पराभव केला, तो मारला गेला, आणि त्यानंतर राजधानी लुटली गेली. दरबार पेनुकोंड्याला हलला. इथे पुन्हा राजधानी वसलीच नाही. हे शहर आपल्याला मिळालं ते त्यामुळेच. वर दुसरं शहर चढलं नाही.

आता नकाशा. तुंगभद्रा नदी साधारण ईशान्येकडे वाहते. तिच्या दक्षिण काठाला लागून देवळांचा पट्टा आहे: पश्चिमेला विरूपाक्ष, पूर्वेला विठ्ठल, मधे कोदंडराम आणि अच्युतराय. त्याच्या दक्षिणेला केळी, ऊस आणि भाताची हिरवी खोलगट पट्टी लागते. तिथे विजयनगरच्या काळातले कालवे अजून शेतं भिजवतात. त्या पट्टीच्याही दक्षिणेला राजवाड्यांचा भाग, आणि त्यापुढे कमलापूर गाव. नदीपलीकडे आनेगुंदी, जी विजयनगरच्याही आधीची वस्ती. एवढं चित्र मनात पक्कं असलं की कुठल्याही मंडपात उभं राहून आपण शहराच्या कुठल्या भागात आहोत ते सांगता येतं.

एक अडचण आधीच सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं वेळापत्रक कोसळतं. विरूपाक्षापासून विठ्ठल मंदिर नदीकाठाच्या पायवाटेने जेमतेम दोन किलोमीटर आहे. पण गाडीने जायचं तर कमलापूरला वळसा घालून नऊ-दहा किलोमीटर. म्हणून चालता येत असेल तर हा टप्पा चालतच करा.

कसं जायचं, कधी जायचं

उतरायचं स्टेशन होसपेटे. तिथून हंपी बारा-तेरा किलोमीटर, बस आणि रिक्षा दोन्ही भरपूर. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडच्यांना तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस सोयीची. ती बेळगाव, हुबळी, गदग करत होसपेटेवरून जाते. गोव्याहून हावड्याकडे जाणारी अमरावती एक्स्प्रेसही इथूनच जाते. मुंबई-पुण्याहून सोलापूर, विजयपूर, गदग मार्गे गाडी आहे. दिवस आणि वेळा तिकीट काढतानाच तपासा, त्या बदलत असतात. स्वतःची गाडी असेल तर सोलापूर-विजयपूर-होसपेटे हा साधारण तीनशे किलोमीटरचा रस्ता, आणि कोल्हापूरहून हुबळी-गदग-कोप्पळ मार्गे साडेतीनशेच्या आसपास.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्च-एप्रिलनंतर इथला ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो, आणि देवळात चप्पल काढून फिरावं लागतं हे विसरू नका. मोजे सोबत ठेवा, हसू नका, उपयोगी पडतात. पावसाळ्यात सगळं हिरवंगार होतं, पण धरणातून पाणी सोडलं की नदीकाठचे मंडप बुडतात, होड्या बंद होतात. मला स्वतःला डिसेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो. नाताळच्या सुट्टीत मात्र गर्दी इतकी असते की दगडी रथ दिसतच नाही, रथासमोरची डोकी दिसतात.

मुक्काम कुठे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हंपी गावात छोट्या घरगुती खोल्या आहेत, विरूपाक्ष पहाटे पायी गाठता येतो. तिथे मांसाहार आणि दारू मिळत नाही. कमलापूरला थोडी अधिक सोय, राजवाड्यांचा भाग जवळ. कुटुंब मोठं असेल, वयस्कर माणसं असतील तर होसपेटे. आनेगुंदीकडे शांतता आहे, पण रोज नदी ओलांडायची म्हणजे वेळ जातो. रोख पैसे होसपेटेहूनच घेऊन या.

पहिला दिवस: विरूपाक्ष ते नरसिंह

सकाळी साडेसहा-सातला विरूपाक्षाच्या पूर्व गोपुरासमोर या. हे सुमारे पन्नास मीटर उंच, नऊ मजली गोपुर. इतर बहुतेक देवळं ओस पडली तरी इथली पूजा आजही चालू आहे, आणि त्यामुळे हंपीत भाविक म्हणून आलेला माणूस मुख्यतः इथेच दिसतो. दुपारी गाभारा बंद असतो, म्हणून सकाळचीच वेळ. आत गेलात की रंगमंडपाच्या छताकडे बघा. कृष्णदेवरायाने राज्याभिषेकाच्या निमित्ताने १५१० मध्ये हा मंडप बांधला. छतावर रंगीत चित्रं आहेत, विद्यारण्य स्वामींची मिरवणूक त्यातच सापडते. मग गाभाऱ्यामागे, काही पायऱ्या चढून एक अंधारी खोली आहे. तिथे भिंतीतल्या छोट्या भोकातून प्रकाश येतो आणि समोर गोपुराची उलटी प्रतिमा पडते. सुईच्या छिद्राचा कॅमेरा म्हणून शाळेत जे शिकलो, तेच. उजेड चांगला असेल तेव्हाच स्पष्ट दिसतं.

बाहेर पडून दक्षिणेला हेमकूट टेकडी. चढ अगदी सोपा. इथली छोटी छोटी देवळं पायऱ्या-पायऱ्यांच्या छपरांची आहेत आणि यातली बरीचशी विजयनगरच्या आधीची. इथे माझी एक सवय सांगतो: मोठ्या शिळांकडे बघा. अनेक शिळांच्या कडेला एका ओळीत चौकोनी-लांबट खाचा दिसतील. या खाचांमध्ये पाचरी ठोकून दगड फोडत असत. काही शिळा खाचा पाडूनच तशाच राहिल्या आहेत. हंपीभर ही चिन्हं दिसतात. खाण आणि शहर एकाच जागी होते.

टेकडी उतरताना दोन गणपती. कडलेकाळु म्हणजे हरभरा, सासिवेकाळु म्हणजे मोहरी, पोटावरून पडलेली नावं. हरभरा गणपती साडेचार मीटर उंच, एका शिळेतून कोरलेला. मोहरी गणपतीला मागून वळसा घालायला विसरू नका. मागून पाहिलं की आईच्या मांडीवर बसलेलं लेकरू दिसतं, पार्वतीची पाठ त्याच दगडात आहे.

पुढे कृष्ण मंदिर. कलिंगच्या गजपतीकडून उदयगिरी जिंकल्यावर कृष्णदेवरायाने १५१३ च्या सुमारास बांधलं आणि उदयगिरीहून आणलेली बाळकृष्णाची मूर्ती इथे बसवली. ती मूर्ती आता चेन्नईच्या संग्रहालयात आहे. रस्त्यापलीकडे लांबलचक दगडी बाजार आणि त्याला लागून पुष्करणी. बरेच लोक मंदिर बघून निघून जातात आणि पलीकडचा बाजार चुकवतात. उतरा खाली. प्रत्येक मोठ्या देवळासमोर असा बाजार होता, आणि विजयनगरची श्रीमंती समजायला खांबांपेक्षा हे ओटे जास्त उपयोगी आहेत.

शेवटी उग्र नरसिंह. ६.७ मीटर उंच, १५२८ मध्ये कृष्णदेवरायाच्या काळात एका शिळेतून घडवलेला. 'उग्र' हे नंतर चिकटलेलं नाव. मुळात हा लक्ष्मीनरसिंह. मांडीवरची लक्ष्मी फुटली, पण त्याच्या पाठीला वेढलेला तिचा हात अजून आहे. बाजूने वाकून बघा, दिसेल. शेजारी पाण्यात उभं बडवलिंग. पाणी कालव्यातून येतं, आणि लिंग वर्षभर त्यात उभं असतं.

दुपारी झोपा. खरंच झोपा. साडेबारा ते साडेतीन हंपीत फिरणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. सूर्यास्ताला पुन्हा हेमकूटावर जा, पण अंधार पडायच्या आत उतरा. या टेकड्यांवर बिबट्या आणि अस्वलांचा वावर आहे. जवळच दरोजीला अस्वलांचं अभयारण्य आहे, ते उगीच नाही.

दुसरा दिवस: नदीकाठाने विठ्ठलाकडे

सकाळी सहाला हंपी बाजाराच्या पूर्व टोकाकडे चालायला लागा. टोकाला एकाच शिळेतला मोठा नंदी विरूपाक्षाकडे तोंड करून बसला आहे. तिथून डावीकडे नदीच्या वाटेला लागा. चक्रतीर्थावर कोदंडरामाचं देऊळ लागतं, नदी इथे वळण घेते. पुढे खडकांमधून वाट, सुग्रीवाची गुहा म्हणून दाखवतात ती, मग दोन उंच खांबांवर आडवी तुळई असलेली राजाची तुला. सणासमारंभाला राजाची तुला इथे होत असे, असं सांगतात. वाटेत नदीच्या पात्रात पुरंदरदासांचा मंडप. कर्नाटक संगीताचे पितामह मानले जाणारे पुरंदरदास आपल्या पदांची मुद्रा 'पुरंदर विठ्ठल' अशी ठेवत.

आणि मग विठ्ठल मंदिर. इथे मराठी माणूस थोडा घुटमळतोच. आपल्याकडे कथा आहे की विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठ्ठल इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरीला नेला. कथेची तारीख जुळवायला गेलं तर गुंता होतो. मंदिराची सुरुवात १५ व्या शतकात झाली असं अनेक अभ्यासक मानतात, म्हणजे कृष्णदेवरायाच्या आधीच. पण गाभाऱ्यापाशी जाऊन उभं राहा. तो रिकामा आहे. वारी केलेल्या माणसाला ती रिकामी जागा वेगळीच दिसते, तारखांचं काहीही असो.

समोरचा दगडी रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ. पन्नास रुपयांच्या नोटेवर पाहिलेला. फोटो काढून झाला की जवळ जा: पुढे जे हत्ती आहेत ते मूळचे नाहीत, आधी घोडे होते. हत्तींच्या मागे घोड्यांच्या मागच्या पायांच्या खुणा सापडतात. रथावर पूर्वी विटांचं शिखर होतं, १९ व्या शतकातल्या फोटोंमध्ये ते दिसतं, नंतर काढलं गेलं. संगीत देणाऱ्या खांबांवर वाजवून बघायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. हजारो बोटांनी त्यांची झीज झाली. गाईडने हळूच वाजवून दाखवतो म्हटलं तर नको म्हणा.

इथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. भारतीयांना चाळीस रुपये, आणि तेच तिकीट त्या दिवसापुरतं राणीवशाच्या आवाराला आणि कमलापूरच्या संग्रहालयालाही चालतं. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. चाळीस रुपये वाचवायला मात्र विठ्ठल आणि राजवाडे एकाच दिवसात कोंबू नका. दोनदा तिकीट काढा. गाडीने येणाऱ्यांना वाहनतळापासून देवळापर्यंत साधारण एक किलोमीटर बॅटरीच्या गाड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते, त्यापेक्षा चाला, दोन्ही बाजूला विठ्ठलाच्या जुन्या बाजाराचे खांब आहेत.

परतताना त्याच वाटेने येऊन अच्युतरायाच्या देवळाकडे वळा. १५३४ मध्ये बांधलेलं, तिरुवेंगळनाथाचं. गर्दी नसते, माझ्या मते हंपीतलं सगळ्यात निवांत ठिकाण. समोरच्या लांब बाजाराला सुळे बाजार, म्हणजे गणिकांचा बाजार म्हणतात. तिथून मातंग टेकडीची वाट आहे. वरून सगळं शहर उलगडतं, गोपुरं, केळीच्या बागा, नदी. सूर्योदयाला वर जायचं असेल तर चौघं-पाच जण मिळून, टॉर्च घेऊन. एकट्याने अंधारात जाऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तर मातंग सोडा आणि माल्यवंत टेकडीवर जा. तिथे रघुनाथाच्या देवळापर्यंत गाडी जाते, आत रामायणाचं पारायण चालू असतं, आणि देवळामागच्या खडकावरून सूर्यास्त छान दिसतो.

तिसरा दिवस: राजवाडे

आधी कमलापूरचं संग्रहालय. शुक्रवारी ते बंद असतं, वार पाहून ठरवा. आतल्या मूर्ती राहू द्या, मधे ठेवलेली संपूर्ण विजयनगरची प्रतिकृती बघा. दोन दिवस चालून आल्यावर ती बघितली की प्रत्येक वाट ओळखीची वाटते. काही जण पहिल्याच दिवशी जायला सांगतात. मला उलट योग्य वाटतं.

मग राजवाड्यांचं आवार. इथे निराशा होऊ शकते, कारण दिसतात ते फक्त चौथरे. कारण सोपं आहे: देवळं पूर्ण दगडात आणि गोपुरांचा वरचा भाग विटा-चुन्यात होता, पण राजवाड्यांचे चौथरे दगडी आणि वरचा सगळा डोलारा लाकडी होता. १५६५ नंतर लाकूड जळालं, चौथरे उरले. हे लक्षात ठेवून महानवमी डिब्ब्यावर चढा. सुमारे आठ मीटर उंच असलेल्या या चौथऱ्यावर नवरात्रात राजाचा दरबार भरायचा. इराणी राजदूत अब्दुर रझ्झाक आणि पोर्तुगीज प्रवासी पायश यांनी या उत्सवाची वर्णनं लिहून ठेवली आहेत. म्हैसूरचा दसरा त्याच परंपरेतला. चढण्याआधी तळाच्या पट्ट्यांभोवती फेरी मारा: शिकारी, हत्ती, नर्तकी, दाढीवाले परदेशी, घोडे विकायला आणणारे व्यापारी. अरबी घोडे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून इथे यायचे आणि विजयनगरच्या फौजेचं बळ त्यावरच होतं.

जवळच पायऱ्यांची पुष्करणी, १९८० च्या दशकात उत्खननात सापडलेली. काळ्या दगडाचे तुकडे इतके नेमके बसवले आहेत की नवं वाटतं. बारकाईने बघितलं तर काही दगडांवर खुणा कोरलेल्या दिसतात. कुठला दगड कुठल्या बाजूला, कितव्या पायरीवर, याची कारागिरांची नोंद. म्हणजे हे दुसरीकडे घडवून इथे जुळवलं. पाणी आणणारा दगडी पाट खांबांवरून तिथपर्यंत आलेला दिसतो.

हजाररामाला कमीत कमी एक तास द्या. राजघराण्याचं खासगी देऊळ, १५ व्या शतकातलं. आवाराच्या भिंतीबाहेर हत्ती, घोडे, सैनिक, नर्तकींची मिरवणूक, आत देवळाच्या भिंतीवर तीन ओळींत रामायण. प्रदक्षिणेच्या दिशेने वाचत जा. दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ सापडला की बाकी आपोआप ओळखू येतं. सोबत मुलं असतील तर त्यांना पुढचा प्रसंग शोधायला लावा, तासभर आवाज येणार नाही.

राणीवशाच्या आवारात कमळमहाल आणि अकरा दालनांची गजशाळा. घुमट, कमानी, हिंदू-मुस्लिम शैलींची सरमिसळ. तालिकोटच्या लढाईला नुसता धर्मयुद्धाचा रंग देणाऱ्यांनी इथे थोडा वेळ उभं राहावं. विजयनगरच्या फौजेत मुस्लिम सैनिक होते आणि वास्तुशैलीत दख्खनच्या सुलतानांची सरळ उसनवारी आहे. राणीचं स्नानगृह जाताजाता बघा, दहा मिनिटं पुरेत.

आनेगुंदी, चौथा अर्धा दिवस असेल तर

रस्त्याने बुक्कसागरच्या पुलावरून जाता येतं. नदी शांत असेल तर हरिगोलू, म्हणजे वेताची गोल टोपलीसारखी होडी, कुठेकुठे मिळते. बसण्याआधी भाडं ठरवा. अंजनाद्रीच्या टेकडीला ५७५ पायऱ्या, हनुमानाचं जन्मस्थान मानतात, वर माकडांचं राज्य. पिशवीत खाऊ दिसला की संपलंच. नदीतल्या बेटावर नवबृंदावन, माध्व परंपरेतल्या नऊ संतांच्या समाध्या. शांतपणे जा.

खाण्याचं सांगायचं तर इडली-डोसा सगळीकडे मिळतो, पण संध्याकाळी होसपेटेत मंडक्की आणि मिरची भजी खा. मंडक्की म्हणजे आपले चुरमुरे, कालवून दिलेले. दुपारी जोळद रोट्टी आणि एण्णेगाई मागा. ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं समोर येईल, घरी आल्यासारखं वाटेल.

गाईड घ्यायचा असेल तर सरकारी ओळखपत्र असलेलाच, आणि एकाच दिवसासाठी, राजवाड्यांच्या भागात. तिथेच त्याचा उपयोग जास्त. देवळं आपली आपण बघता येतात.

परतीचा रस्ता विजयपूरवरून असेल तर शेरझा बुरुजावरची मुलूख मैदान तोफ बघायला थांबा. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला आली. तालिकोटच्या रणात ती होती असं सांगतात. तोफेचं तोंड सिंहाच्या जबड्यासारखं आहे आणि जबड्यात हत्ती चिरडला जातोय.